मागितली तरी द्यायची नाही

समोर बशी आली की सर आधी तिच्यावर तळहात ठेवायचे. बशीत काय आहे ते नंतर बघायचे. हळदी-कुंकवाचा पेढा असो, सत्यनारायणाचा शिरा असो, नाहीतर कुणाच्या पोराला नोकरी लागल्याची जिलबी असो, तो रुंद, कडक तळहात बशीवर उतरायचा आणि पाठोपाठ प्रश्न यायचा, "याचा जीआय किती?"

माणूस पीटीचा मास्तर. आवाज मैदानावर कमावलेला. प्रश्न बशी आणणाऱ्या बाईला असायचा, पण ऐकू सगळ्या गल्लीला जायचा. नव्यानं राहायला आलेली एक बिचारी घाबरून म्हणाली होती, "नाही हो सर, विकतचा नाही, घरीच केलाय." आम्ही जुन्या शेजारणी तोंडाला पदर लावून हसलो होतो.

जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स. कुठला पदार्थ खाल्ल्यावर रक्तातली साखर किती झपाट्यानं चढते, त्याचं माप. हे मला सरांनीच शिकवलं, सिडकोतल्या आमच्या दोन घरांमधल्या कमरेएवढ्या भिंतीवर कोपर टेकवून. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल, सगळ्यांच्या ताटात डोकावणारा. आमचा मात्र नुसता डोकावून थांबायचा नाही.

मला शुगर निघाली तेव्हा मी बँकेतून घरी आले आणि स्वयंपाकघरात बसून रडले. सरांना कुठून कळलं देव जाणे. दार वाजलं, आणि उघडते तो सर गळ्यात शिट्टी अडकवून उभे.

"रडायला काय झालं, मॅडम? सावधान! उद्यापासून सुरू."

उद्यापासून कसलं, त्याच संध्याकाळी माझं स्वयंपाकघर त्यांनी तपासलं. ओट्यापाशी उभं राहून नुसतं बोट दाखवायचे. मैदा, बाहेर. बिस्किटं, बाहेर. मुरमुऱ्याचा डबा बघून तर ते दचकलेच. "मॅडम, हा साखरेपेक्षा बदमाश आहे. हलका दिसतो म्हणून लोक फसतात." साबुदाण्यापाशी मी थोडा वाद घातला, चतुर्थीचा उपास असतो म्हणून. ते म्हणाले, "साबुदाणा खायचा आणि देवाला सांगायचं उपाशी आहे? देवाला काय कळत नाही का?" आलेल्या-गेलेल्याच्या चहापुरती साखर तेवढी ठेवू दिली, तीही तोंड वाकडं करून.

मग जेवायची रीत. आधी काकडी, कोबी, जे कच्चं असेल ते. मग मटकीची नाहीतर चवळीची उसळ. भाकरी सगळ्यात शेवटी. भात खायचाच झाला तर गार झालेला, घट्ट वरण घालून, मूठभर. लग्नाच्या पंगतीतही सर असंच जेवायचे. सगळे वरण-भातानं सुरुवात करायचे आणि सर एकटेच कोशिंबिरीला लागलेले. वाढपी गोंधळून दोन-दोनदा कोशिंबीर घेऊन यायचा.

मी लासूर स्टेशनची, ज्वारीवरच वाढलेली. शहरात येऊन पोळी, ब्रेड, पाव यांच्या नादी लागले होते. भाकरीकडं परत जायला मला सरांची शिट्टी लागली. सुरुवातीला वैताग आला, खोटं कशाला बोलू? मटकीचं तोंड बघू नये असं वाटायचं. पण दुपारी काउंटरवर बसल्या बसल्या जी पेंग यायची ती थांबली. साखर खाली आली. मैदानाला फेऱ्या मारताना दम लागेना. जेवण चुकीचं नव्हतं. हे मी आत्ताच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही उगीच भाकरीला दोष द्याल.

सरांना एवढं वेड का, ते मला बरंच उशिरा कळलं. एका संध्याकाळी मी वाटी परत द्यायला गेले तर सर अंगणातल्या खुर्चीवर बसून दाढीच्या आरशात स्वतःचा तळपाय बघत होते. मी मागं फिरणार, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"या, या. रोजचंच आहे हे. चीर पडली की संपलं."

मग त्यांनी थोरल्या भावाचं सांगितलं. भावालाही त्यांच्यासारखीच शुगर होती. गोड सोडायचा नाही. अंगठ्याला साधा खडा टोचला होता. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्यापासून पाय. त्याच्या उशाशी दवाखान्यात सरच बसायचे. "रात्री झोपेत म्हणायचा, बाळ, पायाला खाज येतेय, खाजव. आता कुठं खाजवू? पाय होता कुठं?" बोलता बोलता सरांनी आरसा दुसऱ्या पायाखाली धरला. "मी उभ्या आयुष्यात पोरांना पळायला शिकवलं, मॅडम. मी कुबड्यांवर नाही मरणार."

त्यांचा आवाज त्या दिवशी गल्लीत गेला नाही. मला त्या माणसाची माया आली, आणि थोडी भीतीही वाटली.

वहिनी, म्हणजे सरांच्या बायको, पिशोरकडच्या. तिथं उन्हातून कुणी दारात आलं की आधी गूळ-पाणी. शेजारीण असो, पोस्टमन असो, नाहीतर कुणी वाट चुकलेला. गुळाचा खडा तोंडात, वर तांब्याभर पाणी, मग "कोण तुम्ही, कुठले" असली विचारपूस. वहिनींनी सिडकोतही ती रीत ठेवली होती. माझी त्यांची ओळखच गुळाच्या खड्यावर झालेली.

सरांनी ती रीत बंद केली. गूळ घराबाहेर गेला. साखर गेली, मध गेला, देवापुढची खडीसाखरसुद्धा गेली. देवाला फुटाणे. पाहुण्याला फुटाणे.

"दारात आलेल्याला नुसते फुटाणे देताना लई लाज वाटती हो," वहिनी माझ्याकडं येऊन म्हणायच्या. "माझी आई असती तर तिनं मला घरात घेतलं नसतं." मग माझ्या ओट्यापाशी उभ्या राहून त्या गोड चहा प्यायच्या, माझ्या त्या पाहुण्यांच्या डब्यातल्या साखरेचा. पिऊन झाला की तोंड धुवायच्या आणि पदर सावरून भिंतीपलीकडं जायच्या. चोरून दारू पिणाऱ्याची पण एवढी तयारी नसती, असं मी त्यांना चिडवायचे.

मग गणपती आले. आमच्या कॉलनीच्या मंडळात आरती झाली, मोदक वाटायला निघाले, आणि सरांनी माइक घेतला.

"ऐका सगळे. माझ्या घरात साखरेचा कण नाही. पण मन बेइमान असतं. उद्या मी तुमच्या दारात येईन आणि मागेन. मी मागितली तरी द्यायची नाही! रागावलो तरी नाही, हातापाया पडलो तरी नाही. बोला, कबूल?"

"कबूल!" सगळी कॉलनी ओरडली. टाळ्या पडल्या. लोकांना मजा वाटत होती. वहिनी माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनीही टाळ्या वाजवल्या.

सर पीटीचे. परीक्षा घेतल्याशिवाय त्यांना चैन पडायची नाही. मैदानाबाहेर चहाची टपरी आहे, तिथल्या चाचांचा पहिला नंबर लागला. सर जाऊन म्हणाले, "चाचा, आज एक मीठा द्या." चाचांनी भोळेपणानं करून दिला. सरांनी ग्लास तिथंच मातीत ओतला आणि शिट्टी फुंकली, "नापास!" चाचांचं तोंड एवढंसं झालं. पुढच्या खेपेला सरांनी मागितला तर चाचा कानाला हात लावून म्हणाले, "नक्को सर. आपकू शक्कर मैं मरे तो नै देता. आपीच बोले ना?"

"पास!" सरांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. चाचा हसले. आम्हीही हसलो.

एकेक करून सगळी गल्ली पास झाली. किराणावाला झाला, वाढदिवसाचा केक घेऊन आलेली समोरची झाली, मीही झाले. पण सगळ्यात जास्त परीक्षा वहिनींच्या. बाहेरून आले की चपला काढायच्या आधी सर म्हणायचे, "ए, साखर दे जरा."

"नाय मिळायची."

"अगं, जीव जातोय माझा."

"जाऊ द्या. नाय म्हणजे नाय."

"पास!"

आणि वहिनींच्या चेहऱ्यावर जे काय पसरायचं, ते बघण्यासारखं असायचं. मला वाटतं, इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तोंडून शाबासकी त्यांना त्या परीक्षांतच मिळाली असावी. त्यांना त्याची गोडी लागली होती.

हिवाळ्यात सर वाळायला लागले. शर्ट खांद्यावरून उतरायला लागला, पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलं. भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. शुगरची गोळी मात्र वेळेवर, जेवणाआधी, तेवढीच्या तेवढी. वर सकाळी कारल्याचा रस. "साखर भ्यायली पाहिजे मला," म्हणायचे. मी म्हणाले, "सर, बास की आता, किती खाली आणायची?" तर हसून भिंतीवरून बोट दाखवलं, "मॅडम, तुम्ही ढिल्या पडताय."

एका पहाटे मैदानावर मला ते कठड्यावर बसलेले दिसले. थंडी अशी की माझी शालसुद्धा पुरेना, आणि सरांचा शर्ट घामानं चिंब. हात थरथरत होते. मी जवळ गेले तर त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण बघितलं कुठं? डोळे माझ्या आरपार.

"रांग मोडू नको," ते मला म्हणाले. "कुठल्या वर्गातली तू?"

"सर, मी हो. शेजारची."

ते हसले. ते हसणं मला अजिबात आवडलं नाही. खिशातून फुटाणे काढून एकेक चावत बसले, आणि बऱ्याच वेळानं डोळे जागेवर आले. मग ओल्या शर्टाला हात लावून म्हणाले, "बघितलं, मॅडम? घाम फुटला की समजायचं, साखर बाहेर पडतेय." हे ते इतक्या खात्रीनं म्हणाले की मला पटल्यासारखंच झालं. सर खोटं बोलत नव्हते, त्यांची तशी पक्की समजूतच होती.

मी वहिनींना सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. "परवा मला म्हणले, बाई, तुम्ही कोण," असं म्हणून त्या हसल्या, पण हात सुपातच थांबला. मग आम्ही दोघींनी मिळून सरांना डॉक्टरकडं पाठवलं. दोघी येतो म्हणालो तर आमच्यावरच डाफरले. एकटे गेले, एकटे आले.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"काय म्हणणार? शाबासकी दिली. शुगर एकदम खाली."

आत जाऊन आरसा घेऊन बसले.

उन्हाळ्यात लासूरला सरांच्या नात्यातलं लग्न होतं. वहिनींना जायचं होतं, लुगडं काढून ठेवलं होतं. पण त्याच दिवशी पाणी यायचं होतं. आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही हे तुम्हाला ठाऊकच आहे. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं एक माणूस नळाला बांधलेलं. वहिनी थांबल्या, सर गेले.

दुपारी पाणी आलं. गल्लीत सगळ्यांच्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या. मी गच्चीवर टाकीत पाइप धरून उभी होते. खाली पलीकडच्या अंगणात वहिनी पिंप भरत होत्या. तेवढ्यात फाटक वाजलं. वाकून बघितलं तर सर आले होते, बसथांब्यापासून उन्हात चालत. फाटकाला धरून उभे. शर्ट चिंब.

"साखर," सर म्हणाले.

वहिनींनी मान वर केली. चेहरा खुलला. "आलात का? आल्या आल्या परीक्षा? नाय मिळायची."

"साखर दे."

"नाय म्हणजे नाय!"

सर काहीतरी बोलले, ते मोटारीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही. त्यांची जीभ जड झाल्यासारखी वाटली. मग त्यांनी समोरची बादली लाथेनं उडवली. सरांनी कधी वहिनींसमोर भांडं आपटलेलं मला माहीत नव्हतं. वहिनी पण चमकल्या असणार, पण त्यांना वाटलं परीक्षा आज अवघड काढलीय. त्या कमरेवर हात ठेवून, हसत, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "रागावलात तरी नाय! माइकवर कोण बोललं होतं?"

त्या "पास" ऐकायला थांबल्या होत्या. सर एक पाऊल पुढं आले, ओल्या फरशीवरून घसरले आणि डोकं पायरीच्या कडेवर आपटलं.

मी जिना कसा उतरले मला आठवत नाही. वहिनी सरांचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, मोटार सुरूच होती, पिंपातून पाणी वाहून चाललं होतं. ऊन लागलं असंच आम्हाला सगळ्यांना वाटलं. कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी डोक्यावर पाणी मारलं, समोरच्यानं गाडी काढली. माझ्या ओट्यावर, त्या कमरेएवढ्या भिंतीपलीकडं, वहिनींच्या चहाच्या साखरेचा डबा होता. तो कुणाच्या डोक्यातही आला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाला टोचून साखर बघितली आणि पहिला प्रश्न विचारला, "यांना घरी काही गोड दिलं होतं का?"

वहिनी पटकन म्हणाल्या, "नाय साहेब. मागत होते, पण मी एक कण दिला नाय."

अगदी ताठ उभ्या राहून सांगितलं त्यांनी. त्यांना वाटलं डॉक्टर बरं केलं म्हणतील. डॉक्टर त्यांच्याकडं बघतच राहिले. सलाइन लावून झाल्यावर त्यांनी आम्हाला बाजूला बसवून सांगितलं. साखर वाढून जसा माणूस जातो, तसा उतरूनही जातो. तो घाम, ते थरथरणं, ते माणूस न ओळखणं, सगळं साखर उतरल्याचं होतं. "मागच्या वेळी मी यांना बजावलं होतं. गोळी अर्धी करा. खिशात साखर ठेवा, घाम फुटला की लगेच खा. आणि घरी सांगून ठेवा म्हटलं होतं."

घरी सांगून ठेवा. सरांनी घरी सांगितलं नाही. सगळ्या कॉलनीकडून शपथ घेतलेला माणूस खिशात साखरेची पुडी घेऊन कसा फिरणार? मला त्यांचा इतका राग आला, की ते तिथं नळ्या लावून पडलेले असताना मला त्यांना हलवून भांडावंसं वाटत होतं. अजूनही वाटतं.

लग्नातलं नंतर कळलं. पंगतीत बसल्यावर सरांनी नेमानं गोळी घेतली. मग ताट आलं, पुऱ्या, भात, बटाट्याची भाजी, जिलबी. सरांनी ताटावर तळहात ठेवला. काकडीच्या चार फोडी खाल्ल्या आणि उठले. यजमान हात जोडून मागं आला तर त्याला म्हणाले, "परीक्षा घेता काय?"

सलाइनमधून साखर अंगात गेली. पण डोक्याला आतून मार होता. सर उठले नाहीत.

त्यांना घरी आणलं तेव्हा पावलं चादरीबाहेर आली होती. मी पायाशीच उभी होते. इतके स्वच्छ तळवे मी म्हाताऱ्या माणसाचे बघितले नाहीत. कुठं चीर नाही, खरचटलेलं नाही. वहिनींनी वाकून दोन्ही अंगठे हातात धरले आणि मग त्या ओरडल्या. तो आवाज मी सांगू शकत नाही.

दिवस झाल्यावर मी एका दुपारी त्यांच्याकडं गेले. दारात पाय ठेवते न ठेवते तोच वहिनी आतून आल्या. हातात तांब्या, आणि बशीत गुळाचा खडा. चांगला पिशोरचा, काळपट.

माझा हात आपोआप बशीवर गेला. तळहात पालथा, बोटं जुळलेली. "वहिनी, मला शुगर आहे हो."

वहिनी बशी धरून उभ्या राहिल्या. आता त्या दारात येणाऱ्या प्रत्येकासमोर तशाच उभ्या राहतात, असं मला आधीच ऐकायला मिळालं होतं. गॅसवाला, मीटर बघणारा, भाजीवाली, कुणी सुटत नाही. आता गूळ देऊन काय होणार, असं कुणी म्हणालं तर तेवढंच विचारतात, "मग मी काय करू?"

"खा आधी," वहिनी म्हणाल्या. "मग बोला. तुम्ही न मागता देतेय मी."

मी हात काढला. गूळ तोंडात टाकला. त्या तो विरघळेपर्यंत माझ्या तोंडाकडं बघत होत्या, मग त्यांनी पाणी दिलं.

संध्याकाळी मी घरी बोट टोचून मशीन लावलं. साखर वाढलेली होती. मी मशीन घेऊन अंगणात गेले, भिंतीपाशी उभी राहिले. पलीकडं खुर्चीवर दाढीचा आरसा पालथा पडला होता. नापास म्हणून कुणी ओरडलं नाही.